ओटीची पाच रोपं

पैली पाच रोपं, काळ्या आईच्या वटीची,
मग उरली जुडी, मैना, आपल्या गाठीची.

लताबाईचा हा आवाज लेकीच्या कानात राहायला आला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हा मैना आठ-नऊ वर्षांची होती. घोट्याभर गार चिखलात ती उकिडवी बसलेली, मुठीत कांद्याच्या रोपांची जुडी, पौषाच्या थंडीनं बोटं निळी पडलेली. पुढं आई, मागं ती, आणि बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत धाकटा चंदर. लताबाई वाफ्याच्या पहिल्या कोपऱ्यात पाच रोपं गोलाकार लावायची, एकाच्या खांद्याला दुसरं टेकून, फुगडी घालायला उभ्या राहिलेल्या पोरींसारखी. म्हणायची, माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरतो ना, तशी रानाची भरायची. मग कामाला लागायचं. ही पाच काढणीला उपटायची नाहीत, पंगतीत देवाच्या वाटचं पान असतं तशी ती राहू द्यायची.

आसपासच्या गावांत ही रीत दुसऱ्या कुणाची नव्हती. लताबाईला ती तिच्या आईनं दिली होती आणि त्या घराण्यात लेकींना द्यायला दुसरं काही नसल्यामुळं ती नीट जपली गेली होती. पुढं लताबाई गेली. आवाज राहिला. त्याला मजुरी द्यावी लागत नव्हती, त्यामुळं त्याला कामावरून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मैना आता बारा बायांच्या टोळीची मुकादम होती. डिसेंबर लागला की पहाटे पिकअप यायची आणि बारा जणी तिच्यात बसून कुणाच्या तरी रानात कांदे लावायला जायच्या. पाणी सोडलेल्या वाफ्यात अंगठ्यानं रोपाचं मूळ असं दाबायचं की रोप आडवं पडता कामा नये आणि गुदमरताही कामा नये. एका रोपाला एका श्वासाइतका वेळ. ह्या कलेला सरकारदरबारी अकुशल काम म्हणतात.

नाशिकहून पिंपळगावकडं जाणाऱ्या रस्त्याला पूर्वी दुतर्फा द्राक्षबागा लागायच्या. अजूनही लागतात, पण त्यांच्या पुढं आता शोरूमची रांग उभी असते. लाल, निळे, हिरवे ट्रॅक्टर गळ्यात झेंडूचे हार घालून असे उभे असतात की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, आज एवढ्या नवरदेवांचं लग्न कुणाशी लागायचं आहे. फवारणीचे ब्लोअर, रोटाव्हेटर, मिनी ट्रॅक्टर, आणि प्रत्येकावर फलक, की हे यंत्र घेतलं की मजुरांची कटकट संपली. आपण कटकट आहोत हे मैनाच्या टोळीला ह्या फलकांवरूनच कळलं. तोवर त्या स्वतःला बाया समजत होत्या.

त्या रांगेत सार्थकचं शोरूम होतं. सार्थक गावातलाच, पस्तिशीतला, शेतीशास्त्रात पदवी घेतलेला, गोड बोलणारा. मनानं वाईट नव्हता. त्याचा फक्त यंत्रांवर जीव जडला होता, आणि जीव जडलेल्या माणसाला दिसतं कमी. औंदा त्यानं कांदा लागवडीच्या यंत्राची एजन्सी घेतली होती. पूर्ण स्वयंचलित. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, चालवायला एक माणूस, मागच्या चार खुर्च्यांवर रोपं भरवायला चार माणसं, संपलेल्या जुड्या आणून द्यायला आणखी दोन. बाकी सगळं आपोआप.

कंपनीची अट अशी होती की आधी एक एकरावर प्रात्यक्षिक करायचं, कंपनीच्या साहेबांनी ते पाहायचं, मग परिसरातल्या शेतकऱ्यांना दाखवायचं आणि मागणी नोंदवायची. सार्थकनं आपल्याच मळ्यातला, रस्त्यापासून आतला तुकडा निवडला. गुरुवारी यंत्र चाललं. शुक्रवारी सकाळी तो स्वतः मैनाच्या दारात.

मैना गेली आणि पाहते तर काय, एकरभर शीर्षासनाचा वर्ग भरलेला. काही रोपं मुळ्या आभाळाकडं करून उभी, काही पालथी झोपलेली, काही नाकापर्यंत गाडलेली. यंत्र जिथं बनलं तिथली माती म्हणे पिठासारखी. इथली काळी, चिकट, एकदा पाय धरला की सासरवाडीच्या आग्रहासारखी न सोडणारी. तिनं यंत्राचे दात, चाकं, नळ्या सगळं धरून ठेवलं होतं, आणि यंत्रानं घाबरून जिथं सुचेल तिथं रोपं टाकली होती.

सार्थक म्हणाला, यंत्र चांगलंच आहे, फक्त मातीला सवय नाही. पुढच्या हंगामापर्यंत कंपनी दुरुस्ती करून देईल. पण उद्या साहेब येतायत. तेवढं बाया लावून सारखं करून द्या, दिवसाची हजेरी दुप्पट, आणि हे इथल्या इथं राहू द्या.

"मावशी, शब्द द्या," तो म्हणाला.

मैनानं शब्द दिला. टोळीच्या धंद्यात शब्द हीच काय ती मालमत्ता, तो फिरवला की पुढच्या वर्षी कुणी वाफ्यात उभं करत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला हसूही येत होतं. बारा जणींनी दिवस मावळायच्या आत एकरभर उलटी रोपं उपटून सुलटी केली. राखी नावाची टोळीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई यंत्राशेजारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, हार आपल्याला बी घालाया सांग की. आपण बी यंत्रच हावो. डिझल लागत नाय, चहावर चालतो."

हसता हसता मैनाची बोटं मात्र सवयीनं चालली होती. पहिल्या वाफ्याच्या कोपऱ्यात पाच रोपं, गोल, खांद्याला खांदा. मग दुसऱ्या वाफ्यात. मग तिसऱ्या. लावताना तिचं लक्षही नव्हतं. आपण श्वास घेतला हे कुठं लक्षात राहतं.

शनिवारी कंपनीचे रोहित साहेब आले. त्यांना ह्या खात्यात येऊन दोन महिने झाले होते. त्याआधी ते कूलर विकत, आणि यंत्र म्हणजे यंत्र, ह्या विचारानं कंपनीनं त्यांना कांद्यात आणलं होतं. पांढरे बूट सांभाळत ते बांधावरून फिरले. रोपं नुकती आंघोळ घातलेल्या लेकरांसारखी ओळीत उभी होती. साहेब खूश झाले. मग एका कोपऱ्यात थबकले. वाकले. दुसऱ्या वाफ्याच्या कोपऱ्यात गेले, तिथंही वाकले. आणि विचारलं, सगळ्या कोपऱ्यांत ही पाच रोपं गोलात कशी?

सार्थकला घाम फुटला. पण विक्रेत्याची जीभ घामानं उलट जास्त सुटते. तो म्हणाला, वळताना यंत्र पाच रोपं जादा सोडतं, सर. वाफ्यात कुठं रोप मेलं की ती मोकळी जागा, ती नांगी, भरायला शेतकऱ्याला रोप लागतं. ते जवळच्या जवळ मिळावं म्हणून.

आपल्या कंपनीनं एवढा विचार केला आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पंचवीस फोटो काढले. पंधरा दिवसांत रंगीत पत्रक छापून आलं, त्यावर गुळगुळीत कागदावर मैनाच्या आईची ओटी, आणि खाली जाड अक्षरांत, पंचरोप कोपरा प्रणाली, फक्त आमच्याच यंत्रात.

पत्रकाचा गवगवा झाला. वणीकडून प्रात्यक्षिकाची मागणी आली, मग चांदवडकडून, मग दिंडोरीकडून. प्रत्येक ठिकाणी एक दिवस यंत्र जाई, दुसऱ्या दिवशी पिकअप, आणि तिसऱ्या दिवशी शेतकऱ्यांना प्लॉट पाहायला बोलावलं जाई. सार्थकनं टोळीला आता नावही दिलं होतं, तांत्रिक सहाय्य पथक. यंत्र आल्यानं मजुरांचं काम जाईल अशी जी भीती होती ती खोटी ठरली. बायांना इतकं काम ह्यापूर्वी कधीच नव्हतं. आधी त्या एकर एकदाच लावायच्या, आता आधी यंत्रानं लावलेला उपटायच्या आणि मग लावायच्या. आणि ज्या ज्या गावात पथक गेलं, त्या त्या गावात कोपऱ्याकोपऱ्यात पंचरोप प्रणाली न चुकता उगवली. मैनानं एकदा ठरवून ती टाळायचा प्रयत्न केला. चार वाफे टाळलीही. मग तिला लेकीला रिकाम्या ओटीनं वाटेला लावल्यासारखं वाटलं. मागं जाऊन तिनं चारही कोपरे भरले.

इथवर सगळी गंमतच होती. एका रविवारी चंदर आला आणि गंमत संपली.

झोळीतला चंदर आता एक्केचाळीस वर्षांचा होता, अंबडच्या एका कारखान्यात अठरा वर्षं कायम कामगार. आई गेल्यावर मैनानंच त्याला शिकवलं. त्याच्या पायाला चिखल लागू दिला नाही, ह्याचा तिला आजवर अभिमान होता. चहा घेता घेता त्यानं खिशातून पत्रक काढलं, मांडीवर उलगडलं, आणि कांदे कसे लावतात हे बहिणीला समजावून सांगायला सुरुवात केली.

रोपातलं अंतर सांगितलं. खोली सांगितली. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, हे बघ आक्का, ह्याला म्हणतात डोकं. आपल्या लोकांना शंभर वर्षांत सुचलं नाय.

मैना त्याच्या बोटाकडं बघत राहिली. ओठ मुडपून तिनं हसू आवरलं, पण ते पुरं आवरायच्या आतच त्यानं पुढचं सांगितलं. तो यंत्र घेणार होता. नोकरी सोडून, फंडाचे सगळे पैसे उचलून. गावोगाव भाड्यानं लागवड करून देणार. सार्थकचा प्लॉट त्यानं स्वतः जाऊन पाहिला होता, एक रोप वाकडं नव्हतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी राजीनामा द्यायचा. आधल्या शनिवारी शोरूमवर चावी मिळणार, समारंभ आहे.

मैनाच्या हातातली बशी खाली ठेवली गेली. ती म्हणाली, आपली माती चिकट हाय, यंत्राला मानवायची नाय. तो म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणाली, एक हंगाम थांब, दुसऱ्याचं चालतंय का बघ. तो म्हणाला, आता थांबलो तर दुसरेच पुढं जातील. ती म्हणाली, कायमची नोकरी हाय रं, चंदर. मग तो फार मायेनं बोलला. मायेनं बोलला हेच वाईट झालं.

"आक्का, मला कळतंय. यंत्र आलं की तुझी टोळी बसणार, तुला वाईट वाटणारच. पण तुला आता वाकायला लागू नये म्हणूनच करतोय मी हे."

खरं सांगावं तर सार्थकला दिलेला शब्द जातो, बारा घरांची हजेरी जाते. बरं, सगळं जाऊ दे म्हणून सांगितलंच, तर पहिलं वाक्य हेच ऐकू येणार की मुकादमीण आपलं मुकादमपण वाचवायला भावाच्या पायात पाय घालतेय. तो तिच्याआधीच ते बोलून बसला होता. मैनानं बशी उचलली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. मनातलं त्याबरोबरच गिळलं.

पुढचे दहा दिवस तिनं ते रोज गिळलं. पिकअपमध्ये बसताना गिळलं, वाफ्यात वाकताना गिळलं. राखीनं विचारलं, आक्का, पाठ दुखती का. मैना म्हणाली, हो. पाठ खरंच दुखत होती, चार गावांची प्रात्यक्षिकं तिच्याच पाठीवर उभी होती. पण राखी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली, त्यावरून तिला उत्तर पटलं नसावं.

समारंभाच्या दोन दिवस आधी सार्थकनं तिला शोरूमवर बोलावलं. कंपनीला व्यासपीठावर एक शेतकरी महिला हवी होती, शक्यतो हातांना भेगा असलेली. तिच्या हस्ते चावी द्यायची आणि तिनं चार शब्द बोलायचे. चार शब्द तृप्तीनं लिहून ठेवले होते. तृप्ती शोरूमची हिशेबनीस, जाहिराती लिहिणारी आणि चहा सांगणारी मुलगी होती. तिनं मैनाकडून ते पाठ करून घेतले. नमस्कार, मी मैनाबाई. पूर्वी कांदे लावताना माझी पाठ मोडून यायची. ह्या यंत्रानं माझी पाठ सरळ केली. धन्यवाद.

"पाठ म्हणताना जरा हसा, मावशी," तृप्ती म्हणाली.

मैनानं हसून पाहिलं. तृप्तीनं तिला पुन्हा करायला लावलं.

शनिवार उजाडला. शोरूमपुढच्या अंगणात मांडव घातला होता. मधोमध यंत्र, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात हार, पुढच्या दांड्याला लिंबू-मिरची. पूर्ण स्वयंचलित असलं तरी दृष्ट लागायचीच. मागच्या चार खुर्च्यांवर कंपनीच्या टोप्या घातलेली चार माणसं फोटोपुरती बसवली होती. पन्नास-साठ शेतकरी खुर्च्यांवर, मागं उभ्यानं तांत्रिक सहाय्य पथक. पहिल्या ओळीत चंदर, नवा शर्ट, वरच्या खिशात घडी घातलेला पांढरा कागद. तो कागद कसला हे मैनाला विचारावं लागलं नाही. सकाळीच त्यानं तिला तो राजीनामा वाचून दाखवला होता आणि तिच्या पाया पडला होता.

रोहित साहेबांचं भाषण झालं. व्यासपीठाच्या मागं मोठा फलक लावला होता, त्यावर बैलगाडीच्या चाकाएवढी मोठी ती पाच रोपं. साहेब तिकडं हात करून म्हणाले की जगात कुठल्याही यंत्राला जे जमलं नाही ते आपल्या संशोधकांनी करून दाखवलं आहे, आणि ह्या पंचरोप प्रणालीच्या पेटंटसाठी कंपनीनं अर्जही केला आहे. म्हणजे उद्यापासून ही रचना आपल्या परवानगीशिवाय दुसरं कुणी वापरू शकणार नाही.

टाळ्या पडल्या. मागच्या ओळीत राखीनं पदर तोंडावर घेतला.

मैनाच्या हातात पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चिकटवलेली, हातभर लांब चावी दिली. ती कुठल्याच कुलपाला लागणारी नव्हती, खरी चावी सार्थकच्या खिशात होती. चंदरला वर बोलावलं. तो पायऱ्या चढून आला, बहिणीपुढं उभा राहिला आणि लहानपणी खाऊसाठी धरायचा तसे दोन्ही हात त्यानं पुढं धरले. तृप्तीनं मैनाच्या तोंडापुढं माईक आणला.

"नमस्कार, मी मैनाबाई," मैना म्हणाली. "पूर्वी कांदे लावताना माझी पाठ मोडून यायची. ह्या यंत्रानं..."

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तृप्ती खालून ओठ हलवून ते तिला दाखवतही होती. पण फलकावरची पाच रोपं अगदी तिच्या डोक्याशी आली होती, आणि मान वळवताच इतक्या जवळून तिला त्यातलं एक रोप किंचित डावीकडं कललेलं दिसलं. ते असं का कललं हे तिला आता कळलं. त्या दिवशी अंगठ्याला काटा रुतला होता. मग ज्या आवाजाला कुणी कधी हजेरी दिली नव्हती तो आवाज चाळीस वर्षांच्या चिखलातून उठून कानाशी आला, अगदी सावकाश, पाणी वाफ्यात फिरतं तसा. पैली पाच रोपं, काळ्या आईच्या वटीची.

सगळे वाट बघत होते. सार्थक जागेवरून अर्धवट उठला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं तिच्याकडं पाहून अगदी हळू मान हलवली, नको म्हणाल्यासारखी. मैनानं त्याच्याकडं पाहिलं. एक शब्द तिच्याकडून त्याला गेलेला होता, तो आता परत घ्यावा लागणार होता आणि त्याची किंमत बारा जणींना पडणार होती. तिनं मागच्या ओळीकडं पाहिलं. राखीनं तोंडावरचा पदर काढला होता, आणि ती हसत नव्हती. तिनं होकारार्थी मान हलवली.

चंदरचे हात अजून पुढं होते. मैनानं पुठ्ठ्याची चावी काखेत धरली आणि त्या हातांवर आपला भेगाळलेला हात ठेवला. माईक जवळच होता. ती त्याच्याशीच बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"चंदर, खिशातला कागद फाड. सार्थकचा प्लॉट यंत्रानं नाय लावला. वणीचा नाय, चांदवडचा नाय, एकबी नाय. आम्ही बारा जणींनी लावले. कोपऱ्यातली पाच रोपं रानाची ओटी हाय, आईनं मला शिकवली. तुला आठवायचं नाय, बाबा. तू तवा झोळीत होतास."